इटलीतला माफिया नेमका उगवला कुठून?

पडघम

नमस्कार मंडळी. इटलीच्या एकीकरणावर वाचतोय. मे १८६० मध्ये गॅरिबाल्डी हजारभर माणसं घेऊन सिसिलीत मार्सालाला उतरतो, बुर्बों राजाची सत्ता कोसळते, बेट नव्या इटलीत सामील होतं. इथवर गाडी रुळावर होती. पण पाचच वर्षांनी, १८६५ मध्ये, पालेर्मोचा प्रीफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेला जिल्हाप्रमुख, आपल्या अहवालात 'तथाकथित माफिया' असा उल्लेख करतो. म्हणजे तोवर शब्द लोकांच्या तोंडी होता. ही भानगड एवढ्यात कुठून उपटली? माझ्या पुस्तकाने हे सगळं एका परिच्छेदात गुंडाळलंय.

गरिबी हे कारण खरं का? दुसरं, १२८२ च्या फ्रेंचांविरुद्धच्या उठावातल्या एका घोषणेची आद्याक्षरं जोडून 'माफिया' शब्द झाला असं एका मित्राने छातीठोकपणे सांगितलं. आणि तिसरं, नेपल्सची कमोरा आणि दक्षिण टोकाच्या कॅलाब्रियातली ती उच्चारता न येणाऱ्या नावाची संघटना, या सगळ्या एकाच झाडाच्या फांद्या का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. सिनेमावाल्यांनी जरा दमानं.

खडूस_वाचक

गरिबी आणि निरक्षरता. यात संशोधन करण्यासारखं काय आहे? पोटाला नसलं की पोरं सुरा उचलतात.

लिंबोणी

खडूस, उत्तर सुटसुटीत आहे, पण नकाशाशी जुळत नाही. एकोणिसाव्या शतकात माफिया जिथे घट्ट रुजला, तो पालेर्मोभोवतीचा पट्टा सबंध सिसिलीतला सगळ्यात पैसेवाला शेतीचा भाग होता. पूर्वेकडे कातानिया, सिराक्यूज या भागात तो बराच उशिरा पोचला. तिकडे गरिबी कमी होती असं काही नाही.

हे मला पुस्तकातून नाही, लिंबातून कळलं. मी फळझाडांच्या रोगांवर काम करायचे. 'माल सेक्को' नावाचा एक बुरशीचा रोग आहे, लिंबाचं झाड शेंड्याकडून वाळत खाली येतं. त्याच्या अभ्यासासाठी ऑक्टोबर १९९२ मध्ये पालेर्मोला गेले आणि दीड वर्ष राहिले. माफियाविरुद्ध लढणारे न्यायाधीश फाल्कोने आणि बोर्सेलिनो यांना माफियाने बाँबने उडवून जेमतेम तीन-पाच महिने झाले होते. काही इमारतींच्या दारात रायफलवाले कोवळे सैनिक उभे असायचे आणि गॅलऱ्यांतून पांढऱ्या चादरी लोंबत. त्यांवर रंगाने लिहिलेलं असायचं. मला वाटलं, निवडणूक असेल. घरमालकीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "नाही, लाज वाटतेय आम्हाला, म्हणून."

तर लिंबू. पालेर्मोच्या मागच्या डोंगरांनी वेढलेल्या खोलगट मैदानाला 'कोंका दोरो' म्हणतात, सोन्याचं पात्र. गंमत म्हणजे सिसिलीत नुसतं 'जार्दिनो' म्हटलं की मोगऱ्या-गुलाबाचा बगीचा नाही, लिंबू-संत्र्याची बाग. आपल्याकडे बागाईतदार 'बाग' म्हणतो तसंच. लिंबाच्या रसाने स्कर्व्ही बरा होतो हे लक्षात आल्यावर ब्रिटिश आरमाराने १७९५ पासून खलाशांना तो नेमाने द्यायला सुरुवात केली, आणि सिसिलीच्या लिंबाला भाव आला. पुढे न्यूयॉर्कला जहाजं भरभरून पेट्या जाऊ लागल्या. एकरी उत्पन्नात लिंबाची बाग गव्हाला कुठच्या कुठे मागे टाकायची.

पण लिंबाची बाग म्हणजे उघड्यावर ठेवलेली तिजोरी. झाड लावल्यापासून पीक हाती यायला बरीच वर्षं जातात, तोवर नुसता खर्च. फळ झाडावर असतानाच व्यापारी सौदा करतो, मग तोडणीपर्यंत ते झाडावर राहील याची हमी कोण देणार? एका रात्रीत चार माणसं हंगाम साफ करू शकतात. शिवाय पाणी. तिथल्या बागांत हौदाला 'जेब्बिया' आणि पाटाला 'साइया' म्हणतात, दोन्ही शब्द अरबांच्या राजवटीतले. विहिरी खाजगी, पाणी पाळीने, आणि पाळी ठरवणारा पाटकरी. बहार धरायचा तर आधी पाणी तोडून ताण द्यावा लागतो हे इथल्या बागवाल्यांना सांगायला नको. सिसिलीतही तेच करतात. जून-जुलैत पाणी बंद, पानं मलूल झाली की खत घालून सणसणीत पाणी. मग ऑगस्ट-सप्टेंबरात फुलं धरतात आणि पुढल्या उन्हाळ्यात, बाजारात दुसरं लिंबू नसताना, फळ मिळतं. ताण चार दिवस जास्त झाला की झाड गेलंच. आता पाणी सोडणारा माणूस तुमच्यावर रुसलाय अशी कल्पना करा.

आता यात कायदा कुठे आहे? सिसिलीत सरंजामशाही कागदोपत्री १८१२ मध्ये संपली. त्याआधी उमरावाचे हत्यारबंद नोकरच पोलीस आणि तेच न्यायालय. जमीन विकत घेता-विकता यायला लागली, पण ती राखणारं सरकार आलं नाही. १८६० नंतर आलं ते उत्तरेकडचं. त्यांना इथली भाषा कळत नव्हती, आणि त्यांनी सोबत नवे कर आणि सक्तीची लष्करभरती आणली. बेकार झालेले राखणदार, आतल्या मोठमोठ्या जमिनी ठेक्याने घेऊन कुळांना पिळणारे 'गाबेल्लोत्ती', बागांचे पाटकरी, दलाल, गाडीवान, यांच्यातून एक जात तयार झाली. तिचा माल एकच, संरक्षण. आणि संरक्षण विकायचं तर आधी धोका हवा. तो नसला तर तयार करायचा.

डॉक्टर गास्पारे गलाती यांची हकिकत तर एखाद्या फिर्यादीसारखी नोंदलेली आहे. १८७२ मध्ये पालेर्मोच्या वेशीवरची लिंबाची बाग त्यांच्याकडे वारशाने आली. झकास बाग, पाण्याला वाफेचा पंप. पण तिथला राखणदार प्रत्येक विक्रीत आपला वाटा कापून घ्यायचा आणि पंपाचा कोळसासुद्धा चोरायचा. हेतू असा की बाग तोट्यात जावी आणि मालकाने ती त्यालाच कवडीमोलाने द्यावी. डॉक्टरांनी त्याला काढून टाकलं. नवा राखणदार ठेवला, त्याला पाठीत गोळ्या घातल्या. चिठ्ठ्या आल्या की 'इज्जतदार माणसाला' काढून चूक केलीत. पोलिसांकडे गेले तर अधिकारी टोळीच्याच बाजूचा. पुढच्या राखणदारावरही गोळीबार झाला. १८७५ मध्ये डॉक्टर बायकापोरांसह घर, बाग, रुग्ण सगळं सोडून नेपल्सला पळाले आणि तिथून त्यांनी गृहमंत्र्यांना सविस्तर निवेदन लिहिलं. शेजारचं उदितोरे हे आठशे वस्तीचं गाव, तिथे एकट्या १८७४ मध्ये तेवीस खून झाल्याचं त्यात आहे. उपाशी माणसं असं करत नाहीत हो, खडूस. हा धंदा होता.

पुढच्याच वर्षी तस्कनीचे लिओपोल्दो फ्रांकेत्ती सिसिली पालथी घालून आले आणि त्यांनी हेच मांडलं. इथे हिंसा हा एक उद्योग आहे आणि तो चालवणारे मध्यमवर्गीय आहेत. एकशेपन्नास वर्षं होत आली, यापेक्षा नेमकं निदान मी वाचलेलं नाही.

१२८२ ची कथा सोडून द्या. त्या घोषणेत म्हणे इटलीचं नाव होतं, पण त्या काळातल्या पालेर्मोतला माणूस 'इटली, इटली' म्हणून घोषणा कशाला देईल? पालेर्मोच्या बोलीत 'माफियुसू' म्हणजे रुबाबदार, ऐटबाज, कुणाला न जुमानणारा. पोरीलाही कौतुकाने म्हणत. १८६३ च्या सुमारास तुरुंगातल्या दादांवरचं एक नाटक तुफान चाललं, त्यातून शब्दाला आजचा वास चिकटला. त्यामागचं मूळ मात्र वादातच आहे.

फांद्यांचं उद्या. चष्मा शोधायचाय.

पडघम

लिंबोणीताई, दंडवत! ताणाचा मुद्दा कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता. फांद्यांची वाट पाहतोय.

निळा_नांगर

ताई येईपर्यंत माझे दोन पैसे. मी मालवाहू जहाजांवर इंजिनरूममध्ये होतो, कॅलाब्रियातल्या जोया ताउरो बंदरात चार-पाचदा लागलो. प्रचंड बंदर, आणि मागे डोंगर सोडले तर काही नाही. एवढं बंदर इथे कशाला, हे तिथल्या एका वयस्क क्रेनवाल्याने मोडक्या इंग्रजीत समजावलं. १९७० मध्ये रेज्जो कॅलाब्रिया शहरात मोठी दंगल झाली, ती शमवायला सरकारने पोलाद कारखाना कबूल केला. त्यासाठी बंदर खणलं. एरानोव्हा नावाचं गावच्या गाव उठवलं, संत्र्यांच्या बागा उपटल्या. कारखाना कधीच आला नाही. बंदर ओस पडलं होतं, ते १९९५ मध्ये कंटेनरसाठी सुरू झालं. तो म्हणाला, बंदर खणताना खडी कुणी पुरवली, ट्रक कुणाचे होते, ते विचारू नकोस.

कोकेन पकडलं की त्या बंदराचं नाव हमखास येतं, ते नंतर वाचत गेलो. आम्हाला मात्र तिथे कॉफी सोडून काही मिळालं नाही.

लिंबोणी

नांगरदादा, तुमच्या क्रेनवाल्याने न्द्रांगेताचं, म्हणजे कॅलाब्रियातल्या त्या संघटनेचं, अर्धं पुस्तक सांगून टाकलं. (पडघम, उच्चार असा: न् हलका, जोर 'द्रां'वर. ग्रीक 'आंद्रागाथिया' म्हणजे मर्दानी सद्गुण, त्यावरून आलेला मानतात. कॅलाब्रियाच्या काही खेड्यांत अजून ग्रीक वळणाची बोली आहे.)

एका झाडाच्या फांद्या नाहीत. एकाच हवामानात वाढलेली वेगवेगळी झाडं आहेत.

कमोरा नेपल्सची, शहरी, तुरुंगात जन्मलेली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कैद्यांकडून दिव्याच्या तेलाचे पैसे उकळण्यापासून सुरुवात, मग जुगार, बाजार, गोदी. हिच्या नशिबाने १८६० मध्ये भलताच मुहूर्त साधला. बुर्बों राजवट कोसळत होती, शहरात लूट होईल या भीतीने पोलीसमंत्री लिबोरियो रोमानो याने सरळ कमोरावाल्यांनाच बिल्ले देऊन शहराची राखण सोपवली. कुंपणालाच शेत दिलं! सिसिलीसारखी एकछत्री रचना तिथे कधी टिकली नाही. रफाएले कुतोलो या कमोरा म्होरक्याने १९७० च्या दशकात तुरुंगात बसून ती उभी करायचा प्रयत्न केला, बाकीच्या टोळ्यांनी एकत्र येऊन शेकडो मुडदे पाडत तो मोडला. नोव्हेंबर १९८० च्या भूकंपानंतर पुनर्बांधणीचा पैसा आला आणि कमोरा सिमेंटात शिरली, तिथून कचऱ्यात. उत्तरेकडच्या कारखान्यांचा विषारी कचरा कासेर्ताजवळच्या शेतांत पुरला गेला. तो भाग एके काळी पीच आणि टोमॅटोसाठी नावाजलेला, म्हणून मला त्याचा राग जरा जास्त येतो.

कुतोलो शेजारच्या पुलियातही पाय पसरू लागला, तेव्हा तिथल्या कैद्यांनी आपली वेगळी चूल मांडली, साक्रा कोरोना उनीता. ही सगळ्यात धाकटी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची. समुद्रापलीकडून सिगारेटची तस्करी हे मुख्य काम.

न्द्रांगेताचं बळ तिच्या घरात आहे. सिसिलीत परका मुलगा पारखून, बोटाला टोचून, संताचं चित्र हातावर जाळून टोळीत घेतात. कॅलाब्रियात टोळी म्हणजे कुटुंबच, 'न्द्रिना'. सोयरिकी त्यांच्यात त्यांच्यातच. म्हणून फुटून सरकारकडे बोलणारे कमी निघाले. बोलायचं म्हणजे बापाविरुद्ध, सख्ख्या भावाविरुद्ध. दंतकथा मात्र त्यांचीही भारदस्त. ओस्सो, मास्त्रोस्सो आणि कार्कान्योस्सो नावाचे तीन स्पॅनिश सरदार बहिणीच्या अब्रूचा सूड घेऊन फाविन्याना बेटावर कैदेत पडले आणि तिथे त्यांनी नियम घडवले, एकाने सिसिली घेतली, एकाने कॅलाब्रिया, एकाने नेपल्स. पडघम, तुमची एका झाडाची कल्पना बहुधा इथूनच आली. सगळं बनावट, पण नव्या माणसाला ही कथा म्हणून दाखवतात.

१९७० च्या दशकात यांनी अपहरणातून भांडवल उभं केलं. १९७३ मध्ये अमेरिकन तेलसम्राट गेटीच्या सोळा वर्षांच्या नातवाला रोममधून उचलून कॅलाब्रियाच्या डोंगरात ठेवलं. आजोबा पैसे देईनात तेव्हा पोराचा कान कापून वर्तमानपत्राला पाठवला. नांगरदादांनी सांगितलेली खडी, ट्रक, नंतर कोकेन, हे त्या पैशाचं पुढचं व्याज.

आता पसरले कसे. त्यात सरकारचा वाटा आहे. १९५६ च्या कायद्याने संशयितांना गावापासून दूर, बहुतेकदा उत्तरेच्या छोट्या गावांत सक्तीने राहायला पाठवत. कल्पना अशी की मासा पाण्याबाहेर काढला की मरेल. पण त्याच काळात दक्षिणेतून लाखो मजूर तुरीन-मिलानला कामाला जात होते, म्हणजे पाणीही पाठोपाठ गेलं. आल्प्समधल्या बार्दोनेक्क्या या बर्फाच्या पर्यटनगावात घरबांधणीच्या मजुरांची भरती यांच्या हातात गेली, आणि १९९५ मध्ये तिथली नगरपालिका माफियाच्या शिरकावामुळे बरखास्त झाली. उत्तरेतली ही पहिली. मात्र नुसता माणूस पोचला म्हणून टोळी रुजत नाही. भरभराटीचा स्थानिक धंदा हवा, त्यात नियम डावलून काम करून घ्यायला उत्सुक स्थानिक लोकही हवेत. ते तिथे होते.

जर्मनीला हे कळलं १५ ऑगस्ट २००७ ला. ड्युइसबुर्गमध्ये एका इटालियन रेस्टॉरंटबाहेर सहा जणांना गोळ्या घातल्या. मारणारे आणि मेलेले, दोन्हीकडचं मूळ सान लुका नावाच्या चिमुकल्या डोंगरी गावात, आणि भांडणाची सुरुवात १९९१ च्या कार्निवलात अंडी फेकण्यावरून!

खडूस_वाचक

गरिबीचं मागे घेतो, अर्धं. पण मुसोलिनीने हे सगळं संपवलं होतं आणि १९४३ मध्ये अमेरिकनांनी परत आणून बसवलं, हे तर खरं ना?

लिंबोणी

हेही अर्धंच मागे घ्या. मुसोलिनीने चेझारे मोरीला १९२५ मध्ये पालेर्मोचा प्रीफेक्ट केलं. जानेवारी १९२६ मध्ये त्याने गांजी गावाला वेढा घातला, फरारी शरण येईनात तेव्हा त्यांच्या बायकापोरांना ओलीस धरलं. हजारोंनी अटका झाल्या, निर्दोषही त्यात भरडले गेले. जमीनदार खूश होते, कारण राखणीचे पैसे वाचले. पण धागे वरच्या लोकांपर्यंत पोचायला लागल्यावर १९२९ मध्ये मोरीला मानाने घरी बसवलं आणि 'माफिया संपला' असं जाहीर केलं. त्यानंतर वर्तमानपत्रात तो येईना, एवढाच संपला.

१९४३ च्या जुलैत दोस्तराष्ट्रं उतरली. त्यांना गावोगाव महापौर हवे होते, फॅसिस्ट नसलेले आणि लोकांवर वचक असलेले. असा माणूस गावात कोण असणार? विल्लाल्बा गावात माफियाचा म्होरक्या कालोजेरो विझ्झिनी महापौर झाला. न्यूयॉर्कच्या तुरुंगातून तिथला माफिया म्होरक्या लकी लुचियानोने स्वारीची सूत्रं हलवली वगैरे मात्र फुगवलेलं आहे. त्यांना कुणी 'आणलं' नाही, ते तिथेच होते. अमेरिकनांनी फक्त शिक्का दिला. डाव्या शेतकऱ्यांविरुद्ध ते कामाला येतात हे रोमच्याही लक्षात आलं. १ मे १९४७ ला पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्राच्या माळावर कामगार दिनाला जमलेल्यांवर दरोडेखोर जुलियानोच्या टोळीने गोळीबार केला. अकरा मेले, त्यात लहान मुलं होती.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर, तिथला माफिया ही सिसिलीची शाखा नव्हे. पेट्यांच्या जहाजांबरोबर पालेर्मोची माणसं न्यू ऑर्लिन्सला जात होती. तिथे १८९० मध्ये पोलीसप्रमुख हेनेसीचा खून झाला. पुढच्या मार्चमध्ये जमावाने तुरुंगात घुसून अकरा इटालियनांना ठार मारलं. त्यातल्या काहींना आदल्याच दिवशी कोर्टाने सोडलं होतं. 'माफिया' हा शब्द अमेरिकेत घरोघर पोचला तो तेव्हा. बाकी पैसा आणि बळ आलं १९२० ते ३३ च्या दारूबंदीतून, आणि १९३१ मध्ये लुचियानोने न्यूयॉर्कच्या पाच घराण्यांसकट सगळ्यांसाठी एक मंडळ बसवलं. पालेर्मोत पियाझ्झा मारिना नावाचा चौक आहे, तिथल्या बागेत अवाढव्य पारंब्यांचं झाड आहे. दुपारचा डबा मी तिथे खायचे. न्यूयॉर्कचा इटालियन पोलीस अधिकारी जो पेत्रोसिनो गुन्हेगारांचे जुने दप्तर मिळवायला आला असता १२ मार्च १९०९ ला याच बागेच्या कठड्याजवळ मारला गेला, हे महिनाभराने कळलं. डबा तिथेच खात राहिले. झाड फार छान होतं.

पडघम

ताई, शेवटची शंका. दीड वर्षात तुम्हाला स्वतःला काही जाणवलं? म्हणजे भीती वगैरे?

लिंबोणी

मला कुणी त्रास दिला नाही. परदेशी बाई, हातात वाळक्या फांद्या, मला कोण विचारतो? पण एका सकाळी खालच्या स्टेशनरीवाल्याचं शटर उघडेना. कुलपात कुणीतरी सुपरग्लू भरला होता. तो एक शब्द न बोलता किल्लीवाल्याची वाट बघत उभा राहिला. मी म्हटलं, पोरांचा चावटपणा. घरमालकीणबाईंनी मला आत ओढलं आणि सांगितलं की ही पहिली चिठ्ठी असते. पुढच्या आठवड्यापासून दुकान नेहमीसारखं सुरू झालं, म्हणजे काय ते समजून घ्यायचं. या हप्त्याला 'पित्सो' म्हणतात, बोलीत चोच. 'चोच ओली करू देणे' असा त्यांचा वाक्प्रचार. आपण हात ओले करतो, ते चोच.

त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९९१ मध्ये, लिबेरो ग्रास्सी या कापड कारखानदाराला घराबाहेर गोळ्या घातल्या होत्या. त्याने जानेवारीत स्थानिक वर्तमानपत्रात 'प्रिय खंडणीखोरास' म्हणून उघड पत्र लिहिलं होतं की मी देणार नाही. बाकीच्या उद्योजकांनी त्यालाच एकटं पाडलं. २००४ मध्ये काही तरुणांनी रातोरात शहरभर मृत्युपत्रिकेसारख्या काळ्या काठाच्या चिकटपट्ट्या लावल्या, पित्सो देणारी जनता म्हणजे स्वाभिमान नसलेली जनता. 'आद्द्योपित्सो' तिथून सुरू झालं. पैसे न देणारी दुकानं ते दारावर जाहीर करतात आणि गिऱ्हाईक तिथेच जातं.

कायद्याचं थोडक्यात. १९८२ पर्यंत माफियाचा सदस्य असणं हा इटलीत स्वतंत्र गुन्हाच नव्हता! खासदार पिओ ला तोर्रे यांनी तसं विधेयक मांडलं होतं, त्यांना एप्रिलमध्ये मारलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला, माफियाशी लढायला पालेर्मोला पाठवलेले जनरल दाल्ला कियेसा यांना मारलं, तेव्हा दहा दिवसांत कायदा झाला. मालमत्ता जप्त करण्याची तरतूद त्यातच आहे आणि खरी ती झोंबते. त्या कायद्याच्या कलमात न्द्रांगेताचं नाव स्पष्टपणे यायला मात्र २०१० उजाडावं लागलं. १९८४ मध्ये माफियातलाच तोम्मासो बुशेत्ता फाल्कोनेंकडे बोलला आणि आतली माणसं संघटनेला 'कोसा नोस्त्रा' म्हणतात हे कोर्टापुढे आलं. १९८६ च्या महाखटल्यात चारशे पंच्याहत्तर आरोपी, तुरुंगाला लागून खास बांधलेलं काँक्रीटचं न्यायालय, एकोणीस जन्मठेपा. जानेवारी १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या, आणि मे महिन्यात कापाचीच्या रस्त्यात फाल्कोने. त्यांचं घर विया नोतारबार्तोलोवर होतं. हा नोतारबार्तोलो म्हणजे सिसिलीच्या बँकेचा माजी प्रमुख, १८९३ मध्ये धावत्या गाडीत भोसकलेला, माफियाने मारलेला पहिला बडा माणूस. फाल्कोने रोज त्याच नावाच्या रस्त्यावर घरी यायचे. दारातल्या झाडाला लोक अजून चिठ्ठ्या चिकटवतात.

माझं काम चालायचं ते पालेर्मोच्या कडेच्या चाकुल्लीत. उशिरा पिकणाऱ्या गोड मॅंडरिनसाठी प्रसिद्ध, आणि माफियात 'पोप' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिकेले ग्रेकोचं गाव. त्याच्या बागेत मंत्री-संत्री जेवायला येत. मी गेले तेव्हा तो तुरुंगात होता. तिथला म्हातारा माळी मला रोगट फांद्या काढून द्यायचा. एकदा विचारलं, या विहिरी कुणाच्या? तो म्हणाला, "देवाच्या." थोड्या वेळाने म्हणाला, "आणि देव ज्यांना ओळखतो त्यांच्या." मग तो हौदाची झडप उघडायला गेला.

पुढे २०११ मध्ये गेले तेव्हा तो नव्हता. कोंका दोरोचा बराचसा भाग १९५० आणि ६० च्या दशकातच सिमेंटखाली गेला होता. ते परवाने देणाऱ्यांत पुढे महापौर झालेला, माफियाशी साटंलोटं असलेला कोर्लेओनेचा वितो चान्चिमिनो होता. पण चाकुल्ली बरीच शाबूत आहे. तिथली एक जप्त केलेली मॅंडरिनची बाग आता माफियाच्या बळींच्या स्मरणार्थ आहे, एकेका झाडाला एकेक नाव. दोन-तीन झाडांना कीड होती. राखणाऱ्या मुलीला औषध लिहून दिलं.

निळा_नांगर

ताई, अवांतर. ते ताण देऊन धरलेलं उन्हाळी लिंबू, त्याला तिथे नाव काय? जहाजावर मेसिनाहून हिरवी लिंबं घ्यायचो, पिकलेली कधीच नसायची. फसवतात असं वाटायचं.

लिंबोणी

वेर्देल्ली. हिरवीच असतात आणि हिरवीच घ्यायची. पिवळं मागितलंत तर तो तुम्हाला फसवेल.